पायांवरची आंघोळ

डबा आला तेव्हा मी ओट्याशी कोळंबी सोलत होते. त्यानंतर आठ दिवस मला कोळंबी गेली नाही.

उडत्या टपालाने अंगणात आणून टाकलेला पांढरा, थंडगार डबा. आत कापसावर काचेची नळी आणि नळीत पाच गोचिडी, जिवंत. प्रत्येकीच्या पाठीवर नारिंगी ठिपका. सोबत कागद होता: ‘या प्रयोगशाळेत वाढवलेल्या, निर्जंतुक माद्या आहेत. कृपया हळुवारपणे हाताळाव्यात.’ हळुवारपणे! अहो, मी वैजयंती गवस, या तालुक्याची पशुधन पर्यवेक्षक होते. बावीस वर्षं गाईम्हशींच्या कानात, शेपटीखाली, कासेच्या बेचक्यात बोटं घालून गोचिडी उपटल्या. डोळ्यांना दिसायच्या आधी माझ्या बोटांना त्या कळतात. आणि आता निवृत्त झाल्यावर, छप्पन्नाव्या वर्षी, ह्या मेल्यांना स्वतःच्या पोटरीचं रक्त पाजायचं, तेही हळुवारपणे!

आमचे हे, म्हणजे दिगंबर, फ्रीजच्या दाराशी येऊन उभे राहिले. सगळी नोकरी पोस्टात केलेला माणूस, पत्ता वाचल्याशिवाय कुठल्या डब्याला हात लावत नाही. त्यांनी वाचलं आणि हात मागे घेतला.

“ह्या फ्रीजात ठेवतलंस? म्हावऱ्याच्या बाजूक?”

“नाही, तुमच्या उशाशी ठेवते.”

त्या दिवसापासून त्यांनी फ्रीजमधलं दही खाणं सोडलं ते कायमचं.

आता हे सोंग मी का घेतलं ते सांगते. गेल्या काही वर्षांत आमच्या घाटातून एक नवी गोचीड खाली उतरली. थंडी आटली, रानात उंदीर माजले, त्यांच्या अंगावरून ती पसरली. तिचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं. तीन वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्यामागे लाल कडं उठलं, मधे फिकट. मी म्हटलं गजकर्ण असेल, आणि मलम चोळत बसले. लोकांच्या म्हशीच्या अंगावरचा डाग मला बांधावरून ओळखू येतो, पण स्वतःच्या गुडघ्यामागे बघायला सवड नव्हती. दीड महिन्याने ताप भरला, मान धरली आणि तोंडाची एक बाजू ओघळली, तेव्हा निदान झालं. लाइम. गोचिडीतून येणारा जंतू. तीन आठवडे औषध घेतलं, जंतू मेला, तोंड सरळ झालं.

पाय मात्र सरळ झाले नाहीत. शांत बसलं की पायांत वळवळ सुरू. दुखत नाही, तेच तर लोकांना सांगता येत नाही. हाडाच्या आत, जिथे हात पोचत नाही, तिथे काहीतरी सरपटत असतं. पाय झटकला, उठून चाललं, की तेवढ्यापुरतं थांबतं. परत बसलं की परत सुरू. डॉक्टर लोबो म्हणाल्या, याला अस्वस्थ पायांचा आजार म्हणतात. लाइममुळेच झाला का, ते नक्की सांगता येत नाही. रक्तात लोहही कमी आहे, आणि नसांनी आधीच मार खाल्लाय. त्यांनी लोह चढवलं, गोळ्या दिल्या. गोळ्या सात महिने लागू पडल्या आणि मग उलटल्या. आधी दिवेलागणीला सुरू होणारी वळवळ दुपारी दोनलाच यायला लागली, मग सकाळीसुद्धा. चहा सोडून पाहिला, पाय गार पाण्यात बुडवून पाहिले, चेपून घेतले. मनगटावरची पट्टी रोज शाबासकी द्यायची, आज तुम्ही एकोणीस हजार पावलं चाललात. अगं मेले, मी बसले होते! पूजेला बसले की शेजारच्या बायका डोळे वटारायच्या. बसून पाय हलवणं अवलक्षणी ना! मग मी सगळ्या पूजांना मागे उभी राहायला लागले.

तेही निभावलं असतं. पण पुण्याहून मितालीचा फोन आला. माझी एकुलती एक मुलगी, लग्नाला सहा वर्षं झालेली. “आई, सप्टेंबरपासून दिवस गेलेत. बाळंतपणाला तुझ्याकडेच येणार.”

मी फोन ठेवला आणि पहिला विचार पायांचा आला.

कारण आमच्याकडे बाळाला टबात घालत नाहीत. न्हाणीत पाटावर बसायचं, दोन्ही पाय लांब पसरून जुळवायचे, आणि त्या नडग्यांच्या खोबणीत बाळ ठेवायचं. आधी पालथं, मग उताणं. तेल, मग डाळीचं पीठ, मग निर्गुडीचा पाला घालून उकळलेलं पाणी. आईने मला तसं न्हाऊ घातलं, मितालीलाही तिनेच. माझी मुलगी असून मला तेव्हा पाटावर बसू दिलं नाही. म्हणाली, तुझी पाळी मितालीच्या पोरांच्या वेळी. आई गेली. पाळी आली. आणि पाऊण तास जे पाय दगडासारखे स्थिर हवेत, ते माझे हे असे.

मी साडेतीन किलो तांदूळ जुन्या लुगड्यात बांधले, न्हाणीत पाय पसरून बसले, गाठोडं पायांवर ठेवलं आणि घड्याळ लावलं. चौथ्या मिनिटाला उजवा पाय असा उडाला की गाठोडं मोरीच्या कठड्यावर आपटलं. गाठ सुटली, तांदूळ न्हाणीभर. गोळा करायला वाकले आणि तिथेच बसून रडले. रडतानासुद्धा पाय हलतच होते, निर्लज्ज.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर लोबोंना म्हटलं, “त्या गोचिडीच्या उपचाराबद्दल तुम्ही मागे बोलला होता. लावा.”

“तुम्ही तेव्हा मला दारातून हाकलायच्या बाकी होतात.”

“तेव्हा नातवंड नव्हतं.”

डॉक्टर लोबो तरुण आहेत, गोव्याच्या, समजावून सांगायची हौस दांडगी. त्यांनी मलाच विचारलं, “गोचीड चावते तेव्हा जनावराला कळत का नाही?”

“लाळ.”

“बरोबर. ती सहासहा दिवस एका जागी चिकटून बसते. चावलेलं कळलं तर जनावर तिला घासून टाकेल. म्हणून तिच्या लाळेत कितीतरी द्रव्यं असतात. एक रक्त गोठू देत नाही, एक सूज येऊ देत नाही. आणि या जातीत एक प्रथिन सापडलंय, ते नसांना शांत करतं. ते नसांच्या वाटेने पाठीच्या कण्यापर्यंत जातं आणि पायांकडून येणारा वळवळीचा निरोप तिथेच अडवतं. पाच दिवस गोचिडी लावल्या तर पुढे वीसेक दिवस पाय गप्प.”

“मग ते प्रथिन बाटलीत भरून सुई टोचा की. त्या घाणेरड्या जिवाची काय गरज?”

“करून झालं, लागू पडत नाही. गोचीड तुमचं रक्त चाखते आणि त्याप्रमाणे दर काही तासांनी लाळ बदलते. हे चाखणं आणि बदलणं यंत्राला अजून जमलेलं नाही. काही वर्षांत जमेल.”

काही वर्षांत माझं नातवंड स्वतःची आंघोळ स्वतः करायला लागलं असतं.

तर अशा त्या पाच आल्या. पोटरीवर रबराचं कडं चिकटवायचं, आत गोचिडी सोडायच्या, वरून जाळीचं झाकण. शी! त्या चालताना कळतात हो. आठ पाय गुणिले पाच. मग एकेक जागा शोधते, डोकं खाली घालते आणि सोंड रुतवते. मी तोंडात पदर कोंबून बसले होते. पण तासाभरातच तिथे अशी खाज सुटली की मला भिंतीवर पाय घासावासा वाटला. रात्रीपर्यंत पोटरी टरारून सुजली, आणि सकाळी पाचही जणी सुटून झाकणात मरून पडलेल्या. मला तर बरंच वाटलं.

“तुमची कातडी फार चांगली राखण करते,” डॉक्टर म्हणाल्या. “इतक्या वर्षांच्या चाव्यांनी ती शिकलीय. ही नवी जातसुद्धा तिने त्या एका चाव्यात ओळखून ठेवली. लाळ शिरली की खाज, सूज, आणि गोचीड हाकलून बाहेर. ही राखण झोपवणारी गोळी आहे. पण एक लक्षात ठेवा, गोळी चालू असेल तोवर रानातली गोचीड चावली तरी तुम्हाला कळणार नाही. गोठ्यात जायचं नाही, गवतात शिरायचं नाही. इथे सही करा.”

मी सही केली. गोचिडीबद्दल मला शिकवणारी ही कोण, असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू?

गोळी घेतल्यावर दुसरा डबा आला आणि या वेळी त्या रुतल्या. तिळाएवढ्या आल्या आणि पाचव्या दिवशी भिजवलेल्या वाटाण्याएवढ्या होऊन सुटल्या, करड्या, तुकतुकीत, माझ्याच रक्ताने तट्ट फुगलेल्या. चिमट्याने उचलून नळीत भरायच्या आणि डबा परत पाठवायचा. एक हातातून निसटली आणि माझ्याच टाचेखाली आली. त्या फरशीवर मी दोन दिवस पाय ठेवला नाही. ह्यांनी आपलं अंथरूण केव्हाच माजघरात हलवलं होतं. “माका काय नाय,” म्हणाले, “पण त्या रातचे भायर पडले तर?” मला राग आला नाही. मीच माझ्या अंगाजवळ झोपले नसते.

पण पाय थांबले! तिसऱ्या दिवशी दुपारी मी आरामखुर्चीत बसले आणि अख्खं वर्तमानपत्र वाचून काढलं, श्रद्धांजलीसकट. तीन वर्षांनी. तांदळाचं गाठोडं परत पायांवर घेतलं. पाऊण तास. हललं नाही.

त्यानंतर दर महिन्याला डबा यायला लागला. आणि माणूस कशालाही सरावतो हे काही कौतुकाने सांगत नाही मी. चौथ्या डब्यापर्यंत मी त्यांच्याशी बोलायला लागले होते. एक हमखास उशिरा रुतायची, तिला मी आळशी म्हणायचे. झाकण उघडं टाकून भाजी चिरायचे. शी आली नाही, ओकारी आली नाही. हे लक्षात आलं तेव्हा जरा चरकले, पण पाय शांत होते, आणि शांत पायांच्या माणसाला विचार करायचा कंटाळा येतो.

मिताली आठव्या महिन्यात आली ती नेमकी पाच जणी पोटरीवर असताना. मी साडी वर खोचून अंगणात बसले होते. तिने पाहिलं आणि तुळशीच्या मागे जाऊन ओकली.

“आई, ते काढ. आत्ताच्या आत्ता काढ!”

“अगं, त्या निर्जंतुक आहेत. रंग बघ पाठीवर.”

“मला रंग नको सांगू! माझं बाळ त्या पायांवर घेणार तू?”

“त्या असताना नाही घेणार. पाच दिवस त्यांचे, बाकीचे दिवस बाळाचे.”

“टब आणलाय मी. पाण्याची उष्णता तो स्वतः मोजतो, बाळ घसरलं तर ओरडतो. कशाला हा सगळा अट्टहास?”

“माझी आई ओरडायची नाही, तरी तू घसरली नाहीस,” मी म्हटलं.

पोटात होतं ते बाळ तिच्या ओकण्याने दचकलं असावं, हात पोटावर धरून ती आत गेली. संध्याकाळी येऊन म्हणाली, “बरं. पण कडं, झाकण, डबा, काहीही बाळाच्या खोलीत दिसता कामा नये.” मी हो म्हटलं आणि ते पाळलं. डब्याची तारीखसुद्धा अशी मागेपुढे केली की बाळ येईल तेव्हा पोटऱ्या मोकळ्या असतील.

मुलगी झाली. आम्ही तिला चिमी म्हणायला लागलो. नाळ पडली आणि अकराव्या दिवशी पहिली आंघोळ ठरली.

पाला मी स्वतः आणला. घरामागच्या टेकाडावर निर्गुडीची जाळी आहे, सासूबाईही तिथूनच आणायच्या. कोवळे शेंडे खुडले, कवळभर झाले, छातीशी धरून आणले. अर्धे पाण्यात घातले. दोन डहाळ्या पाळण्याच्या दांडीला बांधल्या, त्या वासाने डास येत नाहीत म्हणून. उरलेला पाला दुसऱ्या दिवसासाठी टोपलीत ठेवला. गोठ्यात मी गेले नाही. गवतातही शिरले नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पाळत होते.

पाटावर बसले, पाय पसरले. मितालीने चिमीला पायांवर ठेवलं आणि हात तसेच खाली धरून उभी राहिली, माझा पाय उडेल म्हणून. पाय उडाला नाही. मी तेल लावलं, पाठीवरून, खांद्यांवरून, त्या इवल्याशा टाचांपर्यंत. पाणी ओतलं. चिमी आधी किंचाळली, मग पाण्याच्या धारेला तोंड वासून गप्प झाली. मितालीने हात काढून घेतले. मला आईचा आवाज आठवत होता आणि मी तो गळ्यातून बाहेर येऊ देत नव्हते, कारण आला असता तर रडणंही आलं असतं. बाळ पुसून दिलं तेव्हा मिताली म्हणाली, “टब परत पाठवते.” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेल लावताना डाव्या मांडीच्या वळीत माझं बोट अडलं.

बघायची गरजच नव्हती. तरी पाहिलं. खसखशीचा दाणा, काळसर, आठ पाय. माझ्या नातीच्या मांडीत रुतलेला.

“मिताली, माझ्या पेटीतला बारीक चिमटा आण. धावू नको. आण.”

तेल ओतायचं नाही, चटका द्यायचा नाही, पिळायचं नाही. यातली एकही गोष्ट केली तर ती मेली पोटातलं सगळं रक्तात ओकते. कातडीला लागून धरायची आणि सरळ वर ओढायची. हजारो वेळा केलंय. ती अख्खी निघाली, तोंडासकट. स्पिरिटच्या बाटलीत टाकली.

“तुझीच आहे ना ती?” मिताली पांढरीफटक पडली होती. “तुझ्या डब्यातली! मी म्हटलं होतं, मी म्हटलं होतं तुला!”

“माझ्या मोठ्या माद्या असतात, ठिपक्याच्या. हे रानातलं पिल्लू आहे. नीट बघ.”

तिने बाटली उजेडात धरून पाहिली. मग एकदम खाली बसली आणि माझ्या गळ्यात पडली. “आई, तुझी बोटं नसती तर कळलं तरी असतं का गं? टबात घातलं असतं तर मी पाहिलंही नसतं.”

मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते आणि ते कौतुक घशाखाली उतरवत होते. छान वाटत होतं, अगदी खरं सांगते. मग तिच्या खांद्यावरून माझी नजर माझ्याच हातावर गेली. कोपराच्या घडीत तसेच दोन दाणे. तिसरा मनगटावर. चांगले फुगलेले, म्हणजे कालपासूनचे. आणि खाज? काही नाही. सूज? नाही. कातडी गुळगुळीत, झोपलेली.

काल सकाळी छातीशी कवळ धरली होती ती याच हातांनी.

मी मितालीला बाळासकट खोलीत पाठवलं, न्हाणीचं दार लावून घेतलं, टोपलीतला पाला ह्यांच्या पांढऱ्या धोतरावर झटकला. एक, दोन, सात, अकरा दाणे पळायला लागले. आणि त्याच डहाळ्या मी पाळण्याला बांधल्या होत्या! गोठा म्हटलं की मी सावध, गवत म्हटलं की सावध. पण आंघोळीचा पाला म्हणजे औषध, तो स्वच्छच, असं डोक्यात इतकं पक्कं की झटकायचंही सुचलं नाही. आधीसारखी कातडी असती तर टेकाडावरून खाली येईपर्यंत हाताला खाज सुटली असती. मी कवळ तिथेच टाकून दिली असती. आता मला खाजवणारं कोणी राहिलं नव्हतं, मीच त्याला गोळ्या देऊन झोपवलं होतं.

शी आली. तीन महिन्यांनी पहिल्यांदा, आणि ती गोचिडीची नव्हती.

धोतर उकळत्या पाण्यात घालताना मनात आलं, सांगितलंच पाहिजे असं कुठे आहे? पाला जाळला, डहाळ्या जाळल्या, की झालं. गोचीड कुठूनही येऊ शकते. मितालीने टब परत पाठवलेला. उद्या सकाळी मी परत पाटावर बसेन. अर्धा तास मी त्या न्हाणीत उभी होते. मग बाहेर येऊन तिला हात दाखवला आणि सगळं सांगितलं.

तिने शांतपणे ऐकलं, ते जास्त वाईट होतं.

“डॉक्टरांनी तुला बजावलं होतं ना? सही केली होतीस ना?”

“हो.”

“मग?”

“पाल्याचं नव्हतं त्यात.”

“आई!” मग मात्र तिचा बांध फुटला. “तुला माझं बाळ नको होतं गं. तुला ते पाटावर बसणं हवं होतं! त्याच्यासाठी तू अंगावर किडे वाढवलेस, स्वतःची कातडी मारून टाकलीस. आणि माझ्या पोरीला…” ती खोटं बोलत नव्हती.

ह्यांनी मधे पडायचा प्रयत्न केला. “गो बाय, आवशीक काय म्हायत होता?” मी म्हटलं, “माहीत होतं. मला नाही तर कोणाला माहीत असणार?”

बाटली तपासायला गेली. दोन दिवसांनी उत्तर आलं, पिल्लाच्या पोटात लाइमचा जंतू होता. डॉक्टर लोबो म्हणाल्या, “गोचीड एक दिवसाच्या आत निघाली, बहुतेक काही होणार नाही. जंतूला तिच्या पोटातून तोंडापर्यंत यायला वेळ लागतो. एवढ्या लहान बाळाला आधीच औषध नको, तुम्ही मात्र घ्या. तीस दिवस अंग तपासा. कडं उठलं, ताप आला, की लगेच इकडे. आणि वैजूताई, तुम्ही गोळी चालू ठेवणार आहात का?”

“बंद. डबाही नको.”

“पाय परत सुरू होतील.”

“होऊ देत.”

नवा डबा मात्र निघाला होता, तो आलाच. त्यातल्या दोन मी परत पाठवल्या आणि तीन नळीत ठेवून घेतल्या. कशाला, ते कोणाला सांगितलं नाही.

मितालीने माझ्याशी बोलणं जवळजवळ सोडलं. दुकानातून साधा प्लास्टिकचा टब आणला. पण पहिल्याच संध्याकाळी चिमीला घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. “तपास,” म्हणाली. “मला कळत नाही, बाबांना दिसत नाही. तूच तपास. पण उभ्याने. पायांवर घ्यायचं नाही.” आणि मी उभ्याने तपासलं, सकाळ-संध्याकाळ. कानांमागे, मानेच्या वळ्यांत, काखेत, मांडीत, बोटांच्या बेचक्यांत. प्रत्येक वेळी त्या मांडीशी बोट गेलं की माझा श्वास अडकायचा, आणि मितालीचाही. तेवढ्यापुरत्या आम्ही दोघी एकत्र असायचो.

दहाव्या दिवशी पाय सुरू झाले. व्याजासकट. जेवायलासुद्धा मी उभी राहायला लागले.

त्याच दिवशी नळीतली एक गोचीड मी डाव्या हातावर ठेवली. या निर्जंतुकच, आणि बघायचं होतं ते एवढंच, माझी कातडी जागी झाली का? नाही झाली. पाच दिवस ती सटवी रक्त पीत बसली, वाटाणा होऊन सुटली, आणि मला काहीही कळलं नाही. विसाव्या दिवशी दुसरी ठेवली. संध्याकाळी जरा लाली आली, बस. तीही पोटभर पिऊन गेली. मी अंगणात फेऱ्या मारत होते आणि मनात येत होतं, झोपवायला एक गोळी पुरली, पण जी उठलीच नाही तर? मग मी चिमीच्या जवळ कुठल्या तोंडाने जायचं? रानाच्या कडेचं घर आमचं. मी काय काय अंगावर घेऊन येईन आणि मला कळणारही नाही.

तिसाव्या दिवशी सकाळी तिसरी ठेवली, चहा ओतला आणि अंगणात चालत प्यायला लागले. कप अर्धाही झाला नव्हता. आधी मनगटाजवळ जराशी हुळहुळ. मग खाज. मग अशी खाज सुटली, अशी सुटली, की मी कप तुळशीकट्ट्यावर आदळला आणि खांबाला हात घासायला लागले. गांध उठली, मोठी, लालबुंद. आणि ती ठिपक्याची महामाया सोंड उपसून, लटपटत, फरशीवर पडली.

“मिताली! अगं मिताली, खाजतंय! बघ, खाजतंय मला!”

ती चिमीला घेऊन धावत बाहेर आली. तिने माझा सुजलेला हात पाहिला, फरशीवरची गोचीड पाहिली, आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं. तिला सगळं सांगायला लागलं नाही, पोर हुशार आहे.

“किती दिवस लावत होतीस?”

“ही तिसरी.”

“वेडी आहेस तू,” ती म्हणाली. मग चिमीचं दुपटं सोडवलं. “आज शेवटचं तपासायचंय.”

मी तपासलं. कानांमागे, मानेत, काखेत. डाव्या मांडीत. कातडी स्वच्छ होती, लोण्यासारखी. कडं नाही, डाग नाही. मी मान हलवली आणि मितालीने तिथेच उंबऱ्यावर बसून तोंड ओंजळीत झाकलं.

मग तिने न्हाणीतून पाट ओढत अंगणात आणला. साडी वर घेतली, आणि स्वतः पाय पसरून बसली, जुळवून, खोबण करून. “दे इकडे,” म्हणाली. “पण मला हे येत नाही. तू उभी राहून सांग. पाणीही तूच ओत.”

“पाला नाही हं आज.”

“नकोच.”

मी तांब्या घेऊन तिच्याभोवती फिरत राहिले, कारण थांबता येत नव्हतं. एका हाताने पाणी ओतत होते आणि दुसरा हात मांडीला घासून खाजवत होते. चिमी तिच्या आईच्या पायांवर हातपाय झाडत होती. फिरताफिरता माझ्या चपलेखाली काहीतरी फुटलं. मघाशी फरशीवर पडलेली तीच, माझ्या थेंबभर रक्तासकट.

“शी!” मी ओरडले.

“शी!” मिताली ओरडली, आणि बाळाला धरून इतकी हसली की माझ्या हातचं पाणी तिच्याच डोक्यावर ओतलं गेलं.